वर राहिलेला हात

एकदा एक बचावपटू आपल्या वृद्ध गुरूंना भेटायला कोल्हापूरच्या मैदानावर आली, ती पायांत साधी चप्पल घालून. यात विशेष ते काय, असे आपल्याला वाटेल. पण जी मुलगी लहानपणापासून त्या मैदानाच्या चुन्याच्या रेषेआत बुटांवाचून कधी गेली नव्हती, तिच्या पायांत चप्पल दिसली तेव्हा काय समजायचे ते गुरू समजले.

गुरूंना सगळे वस्ताद म्हणत. कोल्हापुरात तालमींचेच फुटबॉल संघ असतात, म्हणून कुस्तीच्या मातीतला हा शब्द मैदानावरही चालतो. वस्तादांनी तरुणपणी दोन्ही केले होते. आता ते मैदानाच्या कडेला लोखंडी खुर्ची टाकून बसत आणि गळ्यातल्या शिट्टीच्या जोरावर मुलींना खेळ शिकवत. नियमाचे एवढे पक्के की स्वतःच्या नातीचा गोलही त्यांनी हाताला चेंडू लागला म्हणून रद्द केला होता, आणि त्यापायी घरी दोन दिवस अबोला सोसला होता.

आलेली मुलगी म्हणजे शिवांजली. मुलगी म्हणायचे ते वस्तादांच्या हिशेबाने. तिची तिशी उलटली होती. पंधरा वर्षे ती व्यावसायिक संघांतून बचावाला खेळली. मुंबई, गोवा, केरळ, जिथे बोलावणे येईल तिथे गेली. एकदा नाक मोडले, गुडघा दोनदा उघडून शिवला. बचावपटूचे आयुष्य म्हणजे घरातल्या थोरल्या सुनेचे आयुष्य. सगळे सुरळीत चालले असताना कोणी नाव काढत नाही आणि आमटी एकदा खारट झाली की सारी भावकी बोलायला गोळा होते. तिची आमटी चार महिन्यांपूर्वी खारट झाली होती.

झाले होते असे. अंतिम सामना बरोबरीत चालला होता. प्रतिस्पर्धी संघातील एकीने चेंडू पुढे टाकला, त्या क्षणी त्यांची दुसरी खेळाडू शिवांजलीच्याही मागे, गोलच्या बाजूला, एकटीच उभी होती. याला ऑफसाइड म्हणतात आणि असा गोल धरत नाहीत. शिवांजलीने बचावपटूंच्या जन्मजात सवयीने हात वर केला आणि ती थांबली. कडेच्या पंचाने मात्र झेंडा उचललाच नाही. पलीकडची पळत गेली, गोल झाला आणि चषक गेला. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात छायाचित्र आले: मागे जाळ्यात चेंडू आणि पुढे हात वर करून उभी असलेली शिवांजली. लोकांना हसायला तेवढे पुरले.

दुःख एवढेच असते तर ते कालांतराने विरले असते. पण चित्रफीत पुन्हा पाहिल्यावर स्पष्ट दिसत होते की तो गोल खरोखरच ऑफसाइड होता. ती बरोबर होती. तिने तक्रार केली, तिला उत्तर आले नाही. मग ती चित्रफीत फोनमध्ये घेऊन ती भेटेल त्याला दाखवू लागली. लोक "अगं बाई, खरंच की" म्हणत आणि आपापल्या कामाला लागत. आणखी एक वर्ष खेळणार का, हे संघाने तिला शनिवारपर्यंत कळवायला सांगितले होते. खेळाचे तोंडही पुन्हा पाहायचे नाही, असे ठरवूनच ती वस्तादांकडे आली होती.

"वस्ताद, मी सोडलो," ती म्हणाली. कोल्हापूरच्या मुली 'मी आलो, मी गेलो' असेच बोलतात. पुण्याच्या वाचकांनी दचकू नये. "आता ह्या मैदानावर बी येणार न्हाई. तेवढं सांगायला आलो."

"बरं," वस्ताद म्हणाले.

"एकदा हे बघा तरी." तिने फोन पुढे केला.

वस्तादांनी फोनकडे पाहिलेही नाही. "ऑफसाइड हाय. त्याच दिवशी बघितलोय. चहा नंतर पिऊ. आज पोरींत बचावाला एक कमी हाय. खोलीत बूट हाईत, बसत्यात का बघ, आणि हुबी ऱ्हा."

गुरूंची आज्ञा मोडण्याइतकी ती अजून रागावलेली नव्हती. कुणाचे तरी चिखल वाळलेले बूट घालून ती बारा-तेरा वर्षांच्या मुलींच्या ओळीत उभी राहिली.

खेळ सुरू झाला. थोड्याच वेळात समोरच्या संघाची एक मुलगी सगळ्यांच्या मागे एकटी राहिली आणि नेमका तिच्याकडे चेंडू आला. लहान मूलही सांगेल असा ऑफसाइड. शिवांजलीचा हात वर गेला, तिच्या जोडीच्या तिघींचेही हात वर गेले. शिट्टी वाजली नाही. गोल झाला. सगळ्यांनी खुर्चीकडे पाहिले, तर वस्ताद धोतराच्या टोकाने चष्मा पुसत होते.

दुसऱ्यांदा तेच झाले. या वेळी वस्ताद रस्त्यावरच्या म्हशींकडे पाहत होते. मुली कुरकुरल्या. एवढा नियमाचा माणूस असे का करतो, ते कुणाला समजेना.

तिसऱ्या वेळी शिवांजलीने हात तर वर केलाच, पण ती ओरडलीही, "वस्ताद! शिट्टी!" तेवढ्यात दोन वेण्यांची एक मुलगी तिच्या वर केलेल्या हाताखालून सुसाट मागे पळाली आणि गोलच्या तोंडातून चेंडू बाहेर लाथाडून आली. परत येताना ती शिवांजलीला अदबीने म्हणाली, "ताई, वस्ताद आज शिट्टी वाजवत न्हाईत. पळायला लागतंय."

शिवांजली तरातरा खुर्चीपाशी गेली. "हे काय चाललंय? तिन्ही ऑफसाइड हुते."

"हुते की. तिन्ही हुते."

"मग हा अन्याय न्हाई का?"

"हाय तर. अन्यायच हाय." वस्तादांनी तिला शेजारच्या दगडावर बसवले आणि शांतपणे म्हणाले, "ऐक. हात वर करायला माझी ना न्हाई. दाद मागायचीच, मोठ्यानं मागायची. पर पळता पळता मागायची. झेंडा दुसऱ्याच्या हातात असतोय पोरी, पाय आपलं असत्यात. तू त्या दिवशी का थांबलीस? तू बरोबर हुतीस म्हणून. चुकलेलं माणूस काय थांबत न्हाई, बरोबर असलेलंच थांबतंय, कुणीतरी येऊन न्याय करंल म्हणून. बरं, थांबलीस ते थांबलीस. सामना संपून चार म्हयनं झालं. बघणारी घरला गेली, झेंडेवाला घरला गेला. तुझा हात अजून वरच हाय. भेटंल त्याला फोन दावतीस. हात वर धरून किती दिवस उभारशील? लोकांस्नी वाटतंय तू हरल्यानं दमलीस. तू हात वर धरून दमलीस."

शिवांजलीने नकळत आपला उजवा खांदा चेपला. मग डोळे पुसून ती म्हणाली, "पर वस्ताद, खेळानं बी दमलोय मी. सकाळी उठलं की गुडघा वाकत न्हाई. खरंच थांबायचं हाय."

वस्तादांना वाईट वाटले. आपल्या हातची एवढी खेळाडू आणखी एक वर्ष तरी खेळावी, अशी त्यांना आशा होती. पण गुरूची आशा हे शिष्याच्या गुडघ्यावरचे ओझे होऊ नये, एवढे त्यांना कळत होते.

"मग थांब की," ते म्हणाले. "कोण नगं म्हणतंय? लई पळालीस. पर हात खाली घेऊन थांब."

थोडा खेळ उरला होता. ती पुन्हा ओळीत जाऊन उभी राहिली. चौथ्यांदा चेंडू तसाच मागे गेला. तिचा हात सवयीने खांद्यापर्यंत आला, तिथे अडखळला आणि खाली गेला. ती वळली आणि पळाली. दुखऱ्या गुडघ्याने, दमल्या छातीने, जेवढे पळवेल तेवढे पळाली. पोहोचली नाही. गोल झालाच. गुडघ्यांवर हात टेकून ती धापा टाकत राहिली आणि चार महिन्यांत पहिल्यांदा तिला नुसतेच थकल्यासारखे वाटले, दुसरे काही वाटले नाही.

शनिवारी तिने संघाला नकार कळवला. रविवारी सकाळी ती मुलींना शिकवायला मैदानावर आली, ती स्वतःचे बूट घालून. तेव्हापासून वस्तादांच्या खुर्चीशेजारी आणखी एक खुर्ची असते. मात्र तिच्यावर फारसे कुणी बसलेले दिसत नाही.

अन्यायाची दाद आपण प्रत्येकानेच कुठे ना कुठे मागितलेली असते. मागून झाल्यावर आपला हात कुठे आहे, ते एकदा पाहून घ्यावे.

परवा कुंपणापाशी उभ्या असलेल्या एका गृहस्थाने तिला ओळखले. त्याने सहानुभूतीने विचारले, "ताई, तो फायनलचा गोल ऑफसाइडच होता ना हो?"

पूर्वी तिचा हात लगेच फोनकडे गेला असता.

"हुता," ती म्हणाली, आणि मैदानाकडे वळून ओरडली, "ए दोन वेण्या! बघत काय उभारलीस? पळ!"