आपल्याच देहावर रुसलेला राजा

एका राज्यात, जिथे झाडं चालत येऊन पाणी पिऊन गेली तरी कुणी भुवई उचलत नसे, चित्रध्वज नावाचा राजा होता. राजा शहाणा होता, आणि आपण शहाणे आहोत हे त्याला पुरतं ठाऊक होतं.

राजा म्हणायचा, "मी म्हणजे माझं मन. देह कसला? ओझ्याचं गाढव. मन वर बसतं आणि हाकतं." दिवेलागणीला राणी केतकी वाटीत कोमट तेल घेऊन त्याच्या पायांशी बसे, तर तो पाय आखडून घेई. "गाढवाला कशाला तेल, राणी?"

राणी हसून म्हणे, "गाढव बसलं तर महाराज चालत जातील म्हणा. पण चालणार कुणाच्या पायांनी?"

राजाला राग येई. उत्तर सुचलं नाही की त्याला राग येत असे.

दरबारात दोन पंडित याच एका गोष्टीवर भांडत. एक म्हणे, मन धनी आणि देह चाकर. दुसरा म्हणे, देह ही वीणा आणि मन हा तिचा नाद. वीणा फुटल्यावर नाद कुठे राहील? ऐकणारे जांभया देत. पंडित काही थकत नसत.

अशात एके दिवशी धूम्रकेश नावाचा मांत्रिक आला. पांढरी दाढी, बाकदार नाक. पण दुसऱ्याचा अंगरखा मागून घालावा, तसं ते शरीर त्यानं घातल्यासारखं दिसे.

"महाराज, वाद हवा कशाला?" तो म्हणाला. "दोघांना वेगळं करतो. कोण कुणावाचून अडतं ते बघा."

"कर," राजा म्हणाला.

दोघेच बागेत गेले. आंब्याखाली धूम्रकेशानं राजाच्या कपाळाला राख लावली, कानात फुंकर मारली. राजाचं मन निघालं आणि फांदीवरच्या एका राघूत जाऊन बसलं. देह खाली तसाच उभा राहिला, जत्रेत हात सुटलेल्या मुलासारखा.

"काय हलकं वाटतंय!" राघू ओरडला. त्यानं चार घिरट्या घातल्या आणि परत आला. "झालं. आता आत घाल."

धूम्रकेशानं दाढी कुरवाळली. "तीन वस्तू आण. एक अश्रू, एक घामाचा थेंब, एक शहारा. तिन्ही तुझे स्वतःचे हवेत. दसऱ्याच्या दरबारात माझ्यापुढे ठेव. नाही आणलेस, तर हे रिकामं घर मी राहायला घेईन. घरासोबत घरधनीणही आली."

राघू शहाणा होता ना. म्हणाला, "मनाला काय अवघड आहे?"

धूम्रकेशानं दरबारात सांगितलं की महाराजांनी दसऱ्यापर्यंत मौन धरलं आहे. लोकांनी माना डोलावल्या आणि आपापल्या कामाला लागले.

राघू आधी आईच्या समाधीवर गेला. तिची आठवण काढली, शेवटचं बोलणं आठवलं. दुःख डोंगराएवढं झालं. पण राघूचे डोळे कोरडेच. अश्रू काही येईना.

रिकाम्या चोचीनं तो राजवाड्याच्या खिडकीत येऊन बसला, आणि आत बघतो तर काय! राणी त्याच्या देहाला वरणभात भरवत होती. शेल्याच्या टोकानं तोंड पुसत होती आणि माहेरच्या विहिरीची गोष्ट सांगत होती. पोहायला शिकताना आत्यानं कसं ढकललं, ती कशी रडली, सगळं. देह बसला होता आणि ऐकत होता.

ही गोष्ट राघूनं कधी ऐकली नव्हती. इतक्या वर्षांत नाही. त्याच्या हिरव्या छातीत ठिणगी पडली.

"हाक मार की तिला," खिडकीलगतच्या आंब्याच्या ढोलीतून कुणीतरी म्हणालं. तिथे एक म्हातारा पिंगळा राहत होता. "बोलता येतं ना तुला?"

"मी का मारू?" राघू म्हणाला. "तिनं आपण होऊन ओळखावं."

पिंगळ्यानं गोल डोळे मिटले आणि उघडले.

मग राघू घामाच्या मागे लागला. नदीतले खडे चोचीत धरून टेकडीवर नेले, एकेक करून, सबंध दिवस. पंख गळून गेले, धाप लागली. पण पक्ष्याला कुठला घाम? परत आला, तर राणी देहाच्या पायांना तेल चोळत होती, आणि देहानं पाय आखडले नव्हते. चांगले लांब पसरले होते.

"बघ, बघ कसा पसरलाय!" राघू फणकारला. "लाज नाही त्या गाढवाला."

"पाय कुणाचे आहेत ते?" पिंगळ्यानं विचारलं.

"माझे!"

"मग चिडतोस कुणावर?"

राघूला राग आला.

तिसऱ्या खेपेला तो नागाच्या बिळात शिरला. नागानं फणा काढला, राघूचं पीस न् पीस फुललं. तो तसाच उडत धूम्रकेशाकडे गेला. "हा घे शहारा!"

धूम्रकेश खदखदून हसला. "पिसं तर राघूची फुलली. तुझं काय फुललं? आणि हो, राणीसाहेब आज फार खुशीत दिसल्या. तुझ्यावाचून त्यांचं काही अडत नाही बरं."

राघू खिडकीत आला तेव्हा राणी खरंच हसत होती. भर उन्हात देहाच्या खांद्यावर शाल घालत होती आणि म्हणत होती, "उन्हात थंडी वाजते का कुणाला? तुमचं आपलं काहीतरीच, बाई."

तिचं ते हसू देहाला मिळालं, याला नाही. राघूला त्या दिवशी डाळिंबाचा दाणाही गिळवला नाही.

मग पिंगळा ढोलीतून बाहेर आला. "ऐक बाबा. मी राजा रत्नबाहू. ती दाढी माझी, ते नाक माझं. धूम्रकेशानं मला असंच बाहेर काढलं. मीही असाच खिडकीत बसलो, आणि माझ्यावाचून देहाचं बरं चाललंय असं वाटून रुसून निघून आलो. तो आत शिरला. आता त्याला ते घर जुनं झालंय. तू रुसू नकोस."

पण मत्सराला कान कुठले असतात?

दसऱ्याची सकाळ उजाडली. राणीनं देहाला न्हाऊ घातलं, जरीचा फेटा बांधला, आणि दोन पावलं मागे सरकून म्हणाली, "किती छान दिसता हो तुम्ही!"

झालं. राघूच्या छातीत भडका उडाला. तो बाणासारखा आत आला आणि देहाच्या बोटाला त्यानं कडकडून चोच मारली.

आणि किंचाळला. देह नव्हे, राघू किंचाळला. जे बोट त्याला नव्हतंच, त्या बोटातून कळ निघाली आणि पार डोक्यात गेली.

देहानं बोट मागे घेतलं नाही. नुसतं राघूकडे पाहिलं, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी तरळलं.

केतकीनं बोट शेल्यात गुंडाळलं. "अगं बाई! चोच तू मारलीस आणि ओरडलासही तूच?" मग ती थांबली. "मध्यंतरी हे कारण नसताना रडले. मग एकदा बसल्या जागी घामानं भिजले. काल उन्हात अंगावर काटा आला. सगळं मी याच शेल्यानं पुसलं. कोण रे तू?"

"राणी," राघू खाली मान घालून म्हणाला, "मी."

"मग इतके दिवस बोलला का नाहीत?"

"तू ओळखावंस म्हणून. तू तर त्याच्याशीच बोलत बसलीस. विहिरीची गोष्टसुद्धा त्यालाच सांगितलीस."

राणी म्हणाली, "मी दुसऱ्या कुणाशी बोलत होते का, महाराज? मी तुमच्याशीच बोलत होते. पहिल्यांदा तुम्ही ऐकत होतात."

राघूनं धूम्रकेशाची अट सांगितली. अश्रू शेल्यात होता, घाम शेल्यात होता. पण शहारा कशात धरून ठेवायचा? तेवढ्यात चोपदार आला आणि देहाला दरबारात घेऊन गेला.

दरबार भरला होता. धूम्रकेश सिंहासनाजवळ उभा होता, देहाच्या कानाशी ओठ नेऊन. राणी पुढे आली आणि तिनं शेला पसरला.

"हा महाराजांचा अश्रू. हा घाम. दुःख तिकडे झालं, पाणी इकडे आलं. कष्ट तिकडे झाले, अंग इकडे भिजलं. दोघांचं मिळून एकच आहे."

धूम्रकेशानं शेला हुंगला. त्याचं तोंड कडू झालं. "आणि शहारा?"

राघू उडाला आणि देहाच्या खांद्यावर उतरला. इतक्या दिवसांत तो देहाच्या इतक्या जवळ चोच मारायलाच काय तो गेला होता. खांदा उबदार होता. त्याला आठवलं, लहानपणी तापात हेच अंग सोसत होतं, लढाईत हेच पुढे होतं, आणि आपण याला कधी नावानंही हाक मारली नाही. त्यानं कानाशी चोच नेली.

"दुखलं का रे?" त्यानं विचारलं.

देहाच्या अंगावर सर्रकन काटा आला. मनगटापासून मानेपर्यंत केस न् केस उभा राहिला. तो शहारा सगळ्या दरबारानं पाहिला.

मंत्र तुटला. मन आपल्या घरी गेलं. राघू उरला तो साधा राघू. "डाळिंब दे" म्हणाला आणि उडून गेला.

"माझं तरी काय बिघडलं?" धूम्रकेश म्हणाला. "मला घर आहे." आणि तो दाराकडे वळला.

पण दारातून, उजेडात डोळे मिचकावत, म्हातारा पिंगळा आत आला आणि त्याच्या खांद्यावर बसला. "माझा गुडघा दुखायचा," तो हळूच म्हणाला. "शेकत होतास का कधी?"

धूम्रकेशाच्या हातावर काटा उभा राहिला. "वारा आहे, वारा!" तो ओरडला आणि अस्तनी ओढू लागला. पण त्याला नको असतानाही दाढीवरून एक अश्रू ओघळला. देहानं आपला धनी ओळखला होता. धुराचा एक लोट नाकातून निघाला, खिडकीबाहेर गेला आणि विरला. राजा रत्नबाहूनं आधी आपलं नाक चाचपलं, मग खाली बसून गुडघा.

दोन्ही पंडित एकदम उठले आणि म्हणाले, "मी म्हणत होतो तेच झालं!"

दिवेलागणीला केतकी तेलाची वाटी घेऊन आली. राजाच्या बोटाला चिंधी बांधली होती. तो म्हणाला, "राणी, खरं सांग. तुला जास्त कोण आवडायचा? तो, की मी?"

"अजून दोघं मोजताय, महाराज?" केतकी म्हणाली. "पाय पुढे करा."

राजानं पाय पुढे केले आणि म्हणाला, "ती विहिरीची गोष्ट पुन्हा सांग."

तिनं सांगितली, यानं ऐकली. जसं त्या राजाचं मन आपल्या घरी आलं, तसं तुमचं आमचंही येवो. आणि दमल्या पायांना कुणाच्या तरी हातचं कोमट तेल मिळो.