अस्सल कडकनाथची पाटी

आमच्या बाजारात खराडेशेठचं कोंबडीच्या पिल्लांचं दुकान होतं आणि त्यावर ‘अस्सल कडकनाथ’ अशी ठसठशीत पाटी. माझ्या हौसामावशीने हौसेने तिथून चार काळी पिल्लं आणली. घरी बघते तर त्यांच्या जिभा गुलाबी! कडकनाथाची जीभसुद्धा काळी असते.

मावशी पिल्लं घेऊन परत गेली, तर शेठ भर बाजारात गुरकावला, “बायकांना काय कळतंय जातीतलं? मी नुसत्या नजरेने अस्सल पिल्लू काढून दाखवीन!”

“मग दाखवाच,” मावशी म्हणाली.

पुढच्या बाजाराला तिने टोपलीभर काळी पिल्लं त्याच्यापुढे मांडली. शेठने ऐटीत एक उचललं. “हा बघा डौल! हे शंभर नंबरी कडकनाथ!”

मावशीने दुसऱ्या टोपलीवरचं फडकं काढलं. तिची तांबडी गावठी कोंबडी कुककुक करत बाहेर आली. त्याबरोबर शेठच्या हातातलं पिल्लू धडपडत सुटलं आणि थेट आईच्या पंखाखाली शिरलं. बाजार हसून लोळला.

मावशी शांतपणे म्हणाली, “शेठ, पाटी उतरवून द्या. माझ्या खुराड्यावर लावते.”

आता मावशी नाही, तांबडीही नाही. पाटी माझ्याकडे आहे. तिच्या कोपऱ्यावर तांबडीची शीट वाळली आहे, ती मी पुसलेली नाही.