पलीकडच्या सागाचं पान

त्या राज्यात एक घळ होती, आणि जे काही मोलाचं होतं ते सगळं घळीच्या पलीकडे होतं. खारी माती पलीकडे, औषधी मुळ्या पलीकडे, महासभेचं पठारही पलीकडेच. अलीकडे एक वस्ती होती आणि तिच्यात पायांचे नि पंखांचे असे दोन्ही तऱ्हेचे जीव पिढ्यान्‌पिढ्या गुण्यागोविंदाने राहत आले होते. घळ काही फार रुंद नव्हती. पलीकडे उभं असलेल्याचं तोंड ओळखू येई, मोठ्याने बोललं तर बोलणंही ऐकू जाई. खोल मात्र इतकी, की खाली बघणारा आपसूक मागे सरे. वळसा घालून जायची एक वाट होती, पण ती लांडग्यांच्या मुलखातून जाई. रानगव्यांचा कळप कधी त्या वाटेने निघालाच तर त्यांच्या पायांत राहून कुणी जाई; एरवी त्या वाटेचं नाव काढत नसत.

वस्तीचा एक प्रतिनिधी महासभेत बसे. तो कसा निवडायचा याची रीत ठरलेली होती. पलीकडच्या काठावर एक सरळसोट साग उभा होता, आणि अलीकडे साग उगवत नसे. उमेदवारांनी अलीकडच्या काठावर रांगेत उभं राहायचं आणि त्या सागाचं पान ज्याच्या पायांपुढे सगळ्यांत आधी येईल तो प्रतिनिधी. रीत सोपी, चोख, भांडणाला जागाच नाही. ससा, मुंगूस, साळिंदर, कासव, मनाई कुणालाच नव्हती. पण का कोण जाणे, निवडून नेहमी पक्षीच येत. वस्तीला त्यात काही वावगं दिसत नसे, कारण पान सगळ्यांच्या डोळ्यांदेखत आणलेलं असे.

त्या काळी हा मान धनेशरावांकडे होता. दांडगी वाकडी चोच, चोचीवर पगडीसारखं शिंग, आणि उडताना पंखांचा असा आवाज की ते दिसायच्या आधीच वस्ती म्हणे, आले. मनाने मात्र निर्मळ. दर अधिवेशनानंतर ते न चुकता परत येत आणि जांभळीच्या उंच फांदीवर बसून वस्तीला हालहवाल सांगत. पायांचे जीव खाली मान मोडेपर्यंत वर बघत बसत.

"आपल्या वस्तीचे विषय या खेपेला मी हिरिरीने मांडले," असं ते सुरू करत. "ढोल्यांची डागडुजी मंजूर झाली. वाऱ्याच्या वाटेत येणाऱ्या फांद्या छाटल्या जातील. ससाण्यांच्या बंदोबस्ताला दोन घारी जास्तीच्या मिळाल्या."

खाली कासव समाधानाने मान हलवी. ढोलीशी त्याचा काय संबंध, हे त्याला कुणी विचारलं नाही आणि त्यानेही स्वतःला विचारलं नाही. आपल्या वस्तीला काहीतरी मिळालं याचाच आनंद मोठा असतो.

शेवटी एक प्रश्न ठरलेला असे आणि तो साळूबाई विचारी. साळूबाई म्हणजे वस्तीतली थोराड साळिंदर. चालताना काट्यांचा खुळखुळ आवाज होई, त्यामुळे ती पुढे यायला लागली की गर्दी आपोआप वाट देई.

"धनेशराव, घळीवरच्या पुलाचं काय झालं?"

"प्राधान्यक्रमात आहे, साळूबाई," धनेशराव म्हणत, आणि ते खोटं नसे.

साळूबाईचं विचारणं उगाच नव्हतं. तिची लेक टोची पलीकडे दिलेली होती. वरात गव्यांच्या कळपासोबत वळसा घालून गेली, त्यानंतर गवे काही त्या वाटेने गेले नाहीत. साळिंदरांत अशी चाल आहे की बाळंतपणाला आई लागते. पिल्लू जन्मतं तेव्हा त्याचे काटे गवतासारखे मऊ असतात आणि ते उघड्यावर गारठतं. बाळंतिणीला अंगावरच्या काट्यांमुळे चटकन वळता येत नाही. तेव्हा आजीने नाकाने ढकलत त्याला आईच्या पोटाखाली सरकवायचं असतं. टोचीच्या पहिल्या खेपेला साळूबाई अलीकडच्या काठावर उभी होती. तिला सगळं दिसत होतं. ती ओरडून सांगत होती, डावीकडे वळ गं, अजून थोडी वळ. पिल्लू वाचलं नाही. आता टोचीला पुन्हा दिवस गेले होते आणि सावरी फुलायच्या सुमारास ती मोकळी होणार होती. साळूबाईला त्या दिवशी पलीकडे असायचं होतं. तिला दुसरं काही नको होतं.

आणि त्या खेपेला धनेशराव जांभळीवर टेकायच्या आतच बोलू लागले. "मंजूर झाला. घळीसाठी निधी मंजूर झाला."

निधी म्हणजे लाकूड आणि राबणारे हात. दोन्ही आले. पलीकडून वानरं उतरली, त्यांनी घळीत उतरून कपारीकपारींत उंच उंच खांब रोवले. सुतारपक्ष्यांनी त्यांची डोकी तासून सपाट केली. साळूबाई रोज काठावर जाऊन बघे. खांबांमधल्या फळ्या कधी येणार याची ती वाट बघत होती. मग एक दिवस वानरं हात झटकून निघून गेली आणि उद्घाटनाची दवंडी पिटली.

अख्खी वस्ती काठावर जमली. घळीत एका रांगेत खांब उभे होते. एकाच्या नि दुसऱ्याच्या मध्ये नुसती हवा होती.

धनेशराव पहिल्या खांबावर जाऊन बसले, क्षणभर थांबले, मग उडून दुसऱ्यावर, मग तिसऱ्यावर. पलीकडे टेकून परत आले आणि म्हणाले, "घळ ओलांडताना आपल्या वस्तीतल्या म्हाताऱ्या कबुतरांना धाप लागायची. आता जागोजागी टेकता येईल. हे काम माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम आहे."

कबुतरांनी पंख वाजवले. त्यांचं बघून सशानेही पाय आपटले. नंतर त्याला वाटलं, आपण का आपटले.

साळूबाई पुढे झाली. "धनेशराव, यावरून मी कशी जाऊ?"

धनेशरावांनी प्रश्न मनावर घेतला, विचार केला आणि मनापासून उत्तर दिलं. "सावकाश जायचं, साळूबाई. घाई करायची नाही. एका खांबावर दम घ्यायचा, मग पुढचा गाठायचा."

गर्दीत कुणीतरी पुटपुटलं, उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. साळूबाईला मात्र राग येण्याआधी नवल वाटलं. हा थट्टा करत नव्हता. याने आपलं म्हणणं इतकी अधिवेशनं महासभेत नेलं होतं, त्यासाठी भांडला होता, आणि मिळवून आणलं ते हे. मग हा पूल म्हणताना याच्या डोळ्यांपुढे काय येत असेल? तिने विचारलं, "तुम्ही घळीपर्यंत कधी चालत आलाय का हो?"

"चालत?" धनेशराव म्हणाले. "कशाला?"

"या की माझ्यासोबत. जांभळीपासून इथपर्यंत. पंख मिटून."

धनेशरावांनाही कुतूहल होतंच. नाही तर इतक्या अधिवेशनांत ते जागे राहिले नसते. ते जांभळीखाली उतरले आणि साळूबाईशेजारून चालू लागले. पंखांच्या राजाला जमिनीवर चालणं म्हणजे फजितीच. दगड टोचत होते, शेपूट काटेरी झुडपांत अडकत होती, आणि जी जागा वरून चिमूटभर वाटायची ती संपता संपेना. वाटेत साळूबाई त्यांना कोणत्या मुळाला पाय अडखळतो, कुठे माती भुसभुशीत आहे ते सांगत होती. धनेशराव म्हणाले, "हे सगळं इथेच होतं होय?"

मग काठ आला. पंख मिटूनच धनेशरावांनी खाली पाहिलं. वरून जाताना त्यांनी घळीकडे कधी पाहिलंच नव्हतं. पलीकडच्या सागाकडे बघतच ते सदा उडत. आता त्यांना तळ दिसेना. पायाखालचा एक खडा सुटून खाली गेला, आणि त्याच्या पडण्याचा आवाज यायची ते वाट बघत राहिले.

"पडला तर?" त्यांनी विचारलं.

"पडलं की संपलं," साळूबाई म्हणाली.

परत जातानाही ते चालतच गेले. ज्याचं जळतं त्याला कळतं हे खरं, पण कधीकधी शेजारी उभ्या असलेल्यालाही थोडी धग लागते.

सावरीला कळ्या धरल्या तेव्हा निवडीचा दिवस आला. रांगेत नेहमीचे उमेदवार होते, धनेशराव, एक भारद्वाज, दोन तरणेबांड बगळे. रांगेच्या टोकाला साळूबाई येऊन उभी राहिली. बगळे हसले.

इशारा झाला. धनेशरावांना त्या हवेतली झुळूक न् झुळूक पाठ. सगळ्यांच्या आधी ते पान घेऊन परतले आणि खाली उतरून चालत रांगेच्या टोकाशी गेले. पान त्यांनी साळूबाईच्या पायांपुढे ठेवलं.

"हे काय?" भारद्वाज म्हणाला. "रीत काय सांगते?"

"पान जिच्यापाशी ती प्रतिनिधी," धनेशराव म्हणाले. "ते कुणी खुडलं हे रीतीत नाही."

बगळ्यांनी बरीच खळखळ केली. पण पायांचे जीव रीतीला किती धरून असतात, हे त्या दिवशी कळलं. सशाने म्हटलं, पान तिच्यापाशी आहे ना, मग झालं. मुंगसाने री ओढली. कासवाने मान हलवली, आणि या वेळी कशाला हलवतोय हे त्याला माहीत होतं.

महासभेचा एक जुना नियम असा, की सगळ्या वस्त्यांच्या जागा भरल्याशिवाय अधिवेशन सुरू होत नाही. आजवर कुणाची जागा रिकामी राहिली नव्हती, म्हणून तो नियम कुणी तपासून पाहिला नव्हता. अधिवेशनाच्या दिवशी पठारावर सगळे आले. सभापती म्हातारा हत्ती होता. तो आपल्या जागी उभा राहिला. अलीकडच्या वस्तीची जागा रिकामी होती. त्यांनी वाट पाहिली. मग कावळ्याला पाठवलं.

साळूबाई घळीच्या काठावर उभी होती. सावरी फुलली होती. पलीकडे सागाच्या बुंध्याशी टोची कुशीवर पडून धापा टाकत होती.

"सभा खोळंबलीय," कावळा म्हणाला. "आपण निघालात का?"

"केव्हाचीच निघालेय," साळूबाई म्हणाली. "इथवर आलेय."

कावळा उडत गेला आणि त्याने तसंच्या तसं सांगितलं. सभेला काही उमगेना. निघालीय, पण येत नाही, म्हणजे काय? एक घुबड म्हणालं, याचा अभ्यास करायला समिती नेमू. पण समिती नेमायची तर अधिवेशन सुरू व्हायला हवं, आणि ते तर अडलेलं. शेवटी सभापती म्हणाले, "चला, बघू तरी."

अख्खी महासभा पठार उतरून पलीकडच्या काठावर आली. पक्षी घळीवरून सहज घिरट्या घालू लागले. सांबरं, अस्वलं, रानडुकरं मात्र काठाशी येऊन थबकली. हत्तीने एक पाय पुढे टाकला आणि मागे घेतला. त्याने सोंडेने एक धोंडा उचलून घळीत सोडला आणि कान पसरून ऐकत राहिला. सगळे ऐकत राहिले.

"टोची, कुशीवरच राहा," साळूबाई अलीकडून म्हणाली. "मी आलेच."

हत्तीने पायाशी पडलेल्या टोचीकडे पाहिलं. मग अलीकडे पाहिलं, मग घळीत उभ्या असलेल्या त्या देखण्या, सपाट डोक्याच्या खांबांकडे. ते कशासाठी आहेत हे त्याने विचारलं नाही. त्याने सागाकडे वर मान केली.

"हा किती उंच?"

कुणालाच ठाऊक नव्हतं. धनेशराव अलीकडच्या काठावर साळूबाईशेजारी होते. आयुष्यभर त्या शेंड्यावर बसलेले आणि आयुष्यभर ही घळ ओलांडलेले. ते म्हणाले, "घळीच्या रुंदीहून उंच आहे."

"आणि मग निवड कशी व्हायची?" बगळे वरून ओरडले. "पान कुठून आणायचं?"

हत्तीने टोचीला सोंडेने हलकेच बाजूला सरकवलं, सागाच्या बुंध्याला कपाळ टेकलं आणि पाय रोवले. मुळं करकरली. अलीकडच्या वस्तीने मागे धाव घेतली. साग आधी नुसता थरथरला, मग झुकला, खांब मोडत आला आणि धाडकन अलीकडच्या काठावर आडवा झाला.

धूळ बसायच्या आधीच साळूबाई खोडावर चढली होती. काट्यांचा खुळखुळाट घळीवरून जाताना सगळ्यांना ऐकू आला. तिने खाली पाहिलं नाही. पिल्लू नुकतंच जमिनीवर आलं होतं, ओलं, मऊ काट्यांचं. तिने नाक लावून त्याला ढकललं, आणखी थोडं ढकललं, टोचीच्या पोटाखाली सारलं आणि मगच श्वास सोडला. पिल्लू चुळबुळलं.

घुबडाने सभेची आठवण केली. हत्ती म्हणाला, "सदस्य आलेल्या आहेत. जरा कामात आहेत. थांबू."

अलीकडे वस्ती हळूहळू काठाशी परतली. सागाचा शेंडा तिथे पसरला होता आणि पडताना त्याची पानं दूरवर विखुरली होती. ससा त्यांतून वाट काढत चालला होता; तो थांबला. त्याने खाली वाकून एक पान तोंडात धरलं आणि इकडेतिकडे पाहिलं. मुंगसापाशी एक होतं. कासवाच्या पाठीवर एक पडलं होतं. जो जिथे उभा होता, त्याच्या पायाशी पलीकडच्या सागाचं पान होतं.