कुणी न बोललेला शब्द

"उद्या सूर्य मावळायच्या आत नवा शब्द घडवून दाखवा, नाहीतर पाठशाळा रिकामी करा! तिथं माझे घोडे बांधीन!"

चांदवणीचे पिराजीराजे असे कडाडले आणि नागेशशास्त्र्यांच्या हातातली पोथी खाली पडली. चूक शास्त्रीबुवांचीच. भर दरबारात ते सांगून बसले होते, "महाराज, शब्द आभाळातून पडत नाहीत, घडवावे लागतात. 'दादा'ला 'गिरी' लावा, दादागिरी झाली. 'चुगली'ला 'खोर' लावा, चुगलीखोर झाला!"

"इतकं सोपं? मग घडवा एक! पण शब्द असा हवा, की आजवर कुणाच्याच तोंडून निघालेला नसावा, आणि कानावर पडताच बाजारातल्या माणसांना कळावा. अर्थ समजावून सांगायचा नाही!"

पिराजीराजे माणूस दिलदार, पण एकदा अडून बसले की बसले. मागे वाट कुठली धरायची यावरून भोयांशी वाद झाला, तर राजे दिवसभर पालखीतून उतरले नव्हते. जेवले पालखीत, वामकुक्षीही पालखीतच! साऱ्या चांदवणीला हे ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी वाड्याच्या दरवाजासमोर बाजार जमला. शास्त्रीबुवांनी घसा खाकरून शब्द टाकला, "उदकोत्क्षेपिका!"

भाजीवाल्या एकमेकींकडे बघू लागल्या. एक म्हणाली, "कुणाला शिवी दिली का हो?"

शास्त्रीबुवांनी घाईनं दुसरा काढला, "झोपखोर!"

सगळे हसले. सगळ्यांना कळला. पण दरवाजावरचा पहारेकरी ओशाळून म्हणाला, "महाराज, हा जुना आहे. हवालदार मला रोज ह्याच नावानं उठवतात."

राजांनी मांडीवर थाप मारली. "नवा असला तर कळत नाही, कळला तर नवा नाही! सोडा घोडे!"

तेवढ्यात गर्दीतून आवाज आला, "थांबा की महाराज! घोड्यांना काय घाई आहे?"

ही धुरपा, कुंभाराची सून. गाढवावर मडकी लादून बाजारात आली होती. मडकी घडवण्यापेक्षा फोडण्यात तिचा हात जास्त बसलेला.

"तू शब्द घडवणार?" राजे म्हणाले. "आणि नाही जमलं तर?"

"तर काय, मडकी तरी कुठं जमतात मला! एक आणखी फुटलं म्हणायचं."

"असं नाही! हरलीस तर वर्षभर मौन धरायचं!"

धुरपाचा चेहरा उतरला. "महाराज, त्यापेक्षा हत्तीच्या पायी द्या. निदान ओरडता तरी येईल!" पण मागं हटायची ती नव्हे. बाजाराकडे वळून म्हणाली, "बायांनो, आज सकाळी पुन्हा धुरपागिरी झाली!"

"किती फुटली गं?" चारी बाजूंनी प्रश्न आला. बाजार खिदळला.

राजे चमकले. "कळला की! आणि नवाही—"

"नवा कसला?" गर्दीतून धुरपाची सासू पुढं आली. "हिच्या हळदीपासून म्हणतेय मी हा शब्द! दिवसातून दोनदा!"

"आत्याबाई, निदान आज तरी गप्प बसायचं!" धुरपानं कपाळाला हात लावला.

"धर मौन!" राजे गरजले.

धुरपानं इकडंतिकडं पाहिलं. तेवढ्या वेळात तिच्या गाढवानं वाड्याच्या दरवाजात मधोमध बैठक मारली होती. तिनं दोरी ओढली. गाढव हललं नाही. पहारेकऱ्यानं ढकललं. गाढवानं डोळे मिटून घेतले. धुरपा क्षणभर बघत राहिली, मग हळूच म्हणाली, "महाराज, अजून एक शब्द आहे. पण बोलले तर मान जाईल. अभय द्याल?"

"दिलं! बोल!"

धुरपानं दीर्घ श्वास घेतला आणि ओरडली, "अरे, बाजूनं जा रे! गाढव पिराजलंय!"

बाजारानं हळूच राजांकडे पाहिलं. मग एका तेल्याचे खांदे हलू लागले. एका माळणीनं पदर तोंडात कोंबला. पहारेकऱ्याचा भाला गदगदू लागला, आणि मग सारा बाजार एकदम फुटला! हसता हसता माणसं खाली बसली.

राजे लालबुंद झाले. "अर्थ काय याचा? सांग!"

"अर्थ सांगायचा नाही, ही तुमचीच अट आहे, महाराज!"

"हा शब्द पूर्वी कुणी बोललंय?"

सासू हात जोडून म्हणाली, "नाही हो बाबा! मला माझी मान प्यारी आहे!"

"शास्त्रीबुवा! असा कुठं शब्द होतो?"

शास्त्रीबुवांनी भीतभीत पण खरं ते सांगितलं, "होतो, महाराज. फळापासून फळणे, मोहरापासून मोहरणे, तसं... तसंच हेही. घडण निर्दोष आहे."

"पण मला कळलेला नाही!" राजे पायरीवर धपकन बसले. "मला कळल्याशिवाय मी मानणार नाही! आणि इथून हलणारही नाही! बघतोच कोण उठवतं मला!"

धुरपानं एकदा दरवाजातल्या गाढवाकडे पाहिलं, एकदा पायरीवरच्या राजांकडे.

"शास्त्रीबुवा," ती म्हणाली, "गाढवाला 'पिराजलं' म्हणायचं. महाराजांना मानानं 'पिराजले' म्हणायचं ना?"

राजांनी तिच्याकडे रोखून पाहिलं. मग आपल्याच मांडी घातलेल्या पायांकडे पाहिलं. ओठ आवळले, मिशी थरथरली, आणि राजे असे हसत सुटले की पागोटं सुटून गळ्यात आलं!

"कळला! कळला गं बाई! अरे, मी तर जन्मभर पिराजत आलो, फक्त शब्द नव्हता!"

त्यांनी हुकूम दिला, पाठशाळा आहे तिथंच राहील, आणि नदीकाठची चिकणमातीची जमीन धुरपाला इनाम. "हवी तेवढी मडकी फोड! मात्र," राजे हळूच म्हणाले, "हा शब्द राणीसाहेबांच्या कानावर जाता कामा नये."

वरच्या सज्जातून बांगड्या किणकिणल्या.

"गेला!" राणीसाहेबांचा आवाज आला. "आणि लगेच कळला!"

राजे पुन्हा हसत सुटले, आणि बाजारही.