आबासाहेबांच्या बारा मुक्या डब्या

"आबासाहेब, आमच्या छतावरची डबी मेली!"

हौसा दारातूनच ओरडली आणि आबासाहेब दुधगावकरांच्या बशीतला चहा धोतरावर सांडला.

डबी म्हणजे धुराचा अलार्म. आबासाहेबांच्या बारा खोल्या भाड्यानं दिलेल्या. खाली गाद्यांचं दुकान, दुकानात कापसाचे ढीग. दहा वर्षांपूर्वी एकदा तो कापूस पेटला. तेव्हा घाबरून आबासाहेबांनी खोलीखोलीत छताला एकेक पांढरी डबी बसवली. धूर आला की किंचाळायचं, एवढंच तिचं काम. पण काल हौसाच्या तव्यावर भाकरी जळून कोळसा झाली, खोलीभर धूर झाला, डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, तरी डबी आपली गप्प! खाली कापूस, वर मुकी डबी आणि मधे पाळण्यात सहा महिन्यांची तानी. तेव्हापासून हौसाचा जीव थाऱ्यावर नव्हता.

"मरेल कशी?" आबासाहेब धोतर झटकत म्हणाले. "दर खंडेनवमीला मी तिला हळदकुंकू लावून झेंडूचा हार घालतो. दर दिवाळीला भिंतीबरोबर तिलाही रंगाचा हात देतो. एवढी देखभाल मी बायकोचीसुद्धा करत नाही!"

"ते मात्र खरंय!" आतून माईंचा आवाज आला.

"आबासाहेब, हार घालून म्हैस दूध देते का?" हौसा म्हणाली. "तिला वैरण लागते. तसा डबीला सेल लागतो. आणि म्हातारी झाली की ती बदलावी लागते."

"मला शिकवतेस?" आबासाहेबांच्या मिशा फुरफुरल्या. "एक बदलली की बाकीचे अकरा दारात उभे! बरं, ऐक. डबी मेलीय हे माझ्याच तोंडून वदवून दाखव. पण खोलीत मुद्दाम धूर करायचा नाही, माझा रंग काळा पडतो. डबीला हातही लावायचा नाही. नातवाच्या बारशापर्यंत मुदत! जमलं तर बाराही डब्या बदलतो. नाही जमलं तर खोली खाली कर!"

हौसा मनाशी हिशोब करायला लागली. तान्ही पोर घेऊन जायचं कुठं? आणि हा माणूस असा, की सूर्य बुडाला हे कबूल करायलाही पंचांग मागणारा! बारसं तर चार दिवसांवर आलेलं.

हौसाचं काम बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालायचं. आबासाहेबांच्या सुनेचं बाळंतपणही तिच्याकडेच होतं. दुसऱ्या दिवशी तिनं बाळाला तेल चोळलं, न्हाऊ घातलं, शेगडीतल्या निखाऱ्यांवर ओवा-वावडिंग टाकून धुरी धरली, तोच आबासाहेबांच्या स्वतःच्या घरातली, सुनेच्या बाळंतपणासाठी नवी बसवलेली डबी कानठळ्या बसतील अशी किंचाळली! बाळ टाहो फोडून रडायला लागलं. माईंनी पळत जाऊन खिडक्या उघडल्या.

"बघ, बघ!" आबासाहेब खूश. "माझी डबी कशी जागती आहे!"

हौसानं एकदा छताकडे पाहिलं, एकदा बाळाकडे पाहिलं, आणि तिच्या गालाला खळी पडली.

बारशाचा दिवस उजाडला. ओटी भरायला आलेल्या बायकांनी घर गच्च भरलं. घुगऱ्या शिजल्या, पाळणा सजला. हौसानं शेगडीवर नेमका मूठभर जास्तच ओवा टाकला. डबी अशी बोंबलली की दोन बायकांच्या हातातल्या वाट्या पडल्या. बाळ रडून रडून लालबुंद!

"धुरीशिवाय पाळण्यात घालायचं नाही हं!" माई म्हणाल्या. "आमच्यात रीत आहे!"

"मग दुसरीकडे कुठंतरी नेऊन द्या धुरी!" आबासाहेब कानावर हात ठेवून ओरडले.

"नेते की!" हौसानं बाळाला दुपट्यात गुंडाळलं. "माझ्या खोलीत नेते. तिथली डबी कशी, एकदम शहाणी. चकार शब्द काढत नाही! शेगडी खाटेखाली सरकवते, दार लोटून घेते. बाळ दोन तास निवांत झोपेल, तोवर मी इथं घुगऱ्या वाटते."

आणि ती चालायलाही लागली!

"अगं थांब!" आबासाहेब पाटावरून उडी मारून दारात आडवे झाले. "खाली कापूस, खाटेखाली विस्तव, आणि पोर एकटं?"

"एकटं कसं? वर तुमची डबी आहे की राखणीला! हार घातलेली, रंग दिलेली!"

"ती कसली राखण करते डोंबल!" आबासाहेब गरजले. "पाच वर्षांपूर्वीच मेलीय ती! रंगानं भोकं बुजलीत, आतला सेल कुजलाय. एकीची काय गोष्ट, बाराच्या बारा मेल्यात!"

एका आजीबाईंच्या तोंडात घुगरी तशीच राहिली.

हौसानं बाळ अलगद आईच्या मांडीवर ठेवलं. "घ्या वहिनी. मी कुठं नेतेय त्याला!" मग ती वळली. "आबासाहेब, माझ्या खोलीत धूर केला नाही. डबीला हात लावला नाही. वदलात तुम्ही, आणि तेही गावासमक्ष! आता एवढंच सांगा, जिच्या भरवशावर तुमचा नातू दोन तास झोपू शकत नाही, तिच्याखाली माझ्या तानीनं रोज कसं झोपायचं?"

आबासाहेबांच्या पोटातून असं हसू फुटलं की मिशा, शेंडी, उपरणं, सगळं गदगदा हलायला लागलं!

"हरलो गं पोरी, हरलो! बाराही खोल्यांत नव्या डब्या! उद्याच! दर दसऱ्याला नवा सेल. आणि आजपासून डब्यांची कारभारीण तू. दर महिन्याला प्रत्येकीचं बटण दाबून बघायचं, आणि वाजली नाही तर माझ्या कानाशी येऊन बोंबलायचं! माई, तिला ती माझ्या बहिणीसाठी आणलेली इरकली नेसवा!"

"आणि दिवाळीला रंगारी आला म्हणजे?" पदर खोचत हौसानं विचारलं.

"रंगारी आला म्हणजे," डोळे पुसत आबासाहेब म्हणाले, "आधी बाराही डब्यांना बाळासारख्या कुंच्या घालीन!"

"मापं द्या," माई म्हणाल्या, "शिवायला घेते!"