कुररीच्या बेटावरचा बांबू

एका राज्यात समुद्र थेट राजवाड्याच्या पायऱ्यांपर्यंत येत असे. राजाचं नाव अरिंजय. त्याला एकुलती एक मुलगी, चित्रांगी. तिच्या पैंजणांना मोती हवेत म्हणून राजानं शिपाई पाठवले आणि धूम्रनाथ मांत्रिकाची मोत्यांची पेटी उचलून आणली. मांत्रिक दारात येऊन उभा राहिला. म्हणाला, "ज्या पायांसाठी नेलीस, ते पाय दगड होतील." झालं. दुसऱ्या दिवशी मुलीच्या पायांची बोटं दगडाची झाली, तिसऱ्या दिवशी घोटे.

राजा अनवाणी गेला, पेटी परत देऊन आला. मांत्रिकानं ती घेतली, पण मान खाली घातली.

"महाराज, सुटलेला शब्द मलाही परत धरता येत नाही. जिथं माणसाचं पाऊल पडलेलं नाही अशा वाळूवर तिनं तीन पावलं टाकावीत. दगड छातीला लागायच्या आत. असा किनारा एका कुररी पक्षिणीला ठाऊक आहे."

ही कुररी म्हणजे पांढरी समुद्रपाखरी, माणसासारखी बोलणारी. राजाच्या होड्यांचा तांडेल हिराजी. त्यानं आयुष्यभर समुद्रच पाहिलेला. कुररीला शोधून त्यानं हात जोडले.

कुररी म्हणाली, "नेईन. पण तीन गोष्टी पाळ. तिथलं काही उचलू नकोस. तिथं विस्तव पेटवू नकोस. आल्याची खूण ठेवू नकोस."

"पाळीन, बाई."

होडी निघाली तेव्हा दगड गुडघ्यांवर आला होता. चित्रांगी सतरंजीवर पडून होती, तरी तोंड चालूच होतं.

"हिराजीकाका, होडी जड लागत असेल ना?"

"थोडी लागते, बाईसाहेब."

"वाईट नका वाटून घेऊ. बुडालो तर मी सर्वांआधी तळाला पोहोचेन."

हिराजी हसला नाही. त्यानं वल्हं जोरानं मारलं.

सातव्या दिवशी बेट आलं. बेट कसलं, दोन काळ्या खडकांच्या हातांनी कवळून धरलेला एवढासा किनारा. बाहेर लाटा डोकं आपटत होत्या आणि आत पाणी ताटात वाढल्यासारखं शांत. वाळू तांदळाच्या पिठासारखी. तिच्यावर खेकड्यांची नक्षी आणि कासविणी अंडी घालून परत गेल्या त्यांचे पट्टे. वर केवड्याचं बन. एवढ्या वर्षांत हिराजीनं असं ठिकाण पाहिलं नव्हतं. तो कितीतरी वेळ नुसता बघत राहिला.

मग त्यानं मुलीला पाठीवर घेतलं आणि गुडघाभर पाण्यात उभं राहून वाळूवर उतरवलं. पहिलं पाऊल त्यानं हातानं उचलून ठेवलं. दुसऱ्याला तिनं ओठ चावून जोर केला. तिसरं तिचं तिनं टाकलं. पायांवरून दगड खपलीसारखा गळून पडला. कुररीनं ओली फांदी आणली, त्या फांदीनं वाळूवरचे ठसे पुसले.

इथंच निघायचं होतं. पण तांडेलांची एक रीत असते. नवा आसरा सापडला की तिथं बांबू रोवायचा, त्यावर तांबडं फडकं बांधायचं. वादळात सापडलेल्या होडीला दिसावं म्हणून. हिराजीच्या बापानं ही रीत मोडली नव्हती, आज्यानंही नाही. पक्षिणीचं बोलणं हिराजीला आठवत होतं. पण बुडणारी माणसंही त्याच्या डोळ्यांपुढं आली. मुलगी होडीत बसली, पाखरी उडाली, आणि त्यानं खडकाच्या फटीत बांबू ठोकला.

पावसाळ्यात एक होडी भरकटली. फडकं दिसलं, सात माणसं वाचली. त्यांनी घरी येऊन बेटाचं कौतुक केलं. मग सत्तर होड्या गेल्या. लोकांनी वाळूवर चुली मांडल्या, केवडा तोडला, कासवांची अंडी टोपल्यांनी आणली. वर्षाच्या आत चित्रांगीचा अंगठा पुन्हा दगडाचा झाला.

कुररी राजवाड्याच्या कठड्यावर येऊन बसली. "किनारा दुखावला. शब्द पुन्हा जागा झाला. खूण कुणी ठेवली?"

हिराजी पुढं झाला. "महाराज, बांबू माझा."

राजानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मग म्हणाला, "त्या बांबूनं सात घरं वाचली. मी तुला काय बोलू? लोभाची सुरुवात माझ्यापासून झाली."

कुररीनं तीन कामं सांगितली. "ज्यानं रोवला त्यानं उपटावा. झालेली घाण त्यानंच आपल्या हातांनी काढावी. आणि तिथली वाट मला द्यावी. तुझ्याकडून ती घेतली की सगळ्यांकडूनच जाईल."

हिराजी एकटा गेला. त्यानं बांबू उपटला. महिनाभर राख, फुटके शिंपले, करवंट्या वेचून होडीत भरल्या. मग तो पाण्यात उभा राहून वाट सांगू लागला. कुठला डोंगर कुठल्या डोंगराआड घ्यायचा, कुठला तारा उजव्या खांद्यावर ठेवायचा. जे जे सांगून झालं ते ते मनातून निघून गेलं. शेवटचा शब्द संपला आणि धुकं उतरलं. धुक्यातून होडी पाखरीनंच ओढून बाहेर आणली. त्यानंतर कुररी पुन्हा कुणाला दिसली नाही.

शाप तुटला. राजानं दुसऱ्याची वस्तू उचलायची नाही असा हुकूम काढला आणि आधी स्वतःला लावला. राज्य सुरळीत झालं. चित्रांगी रोज पायऱ्या उतरून पाण्यापर्यंत येई.

एकदा ती म्हणाली, "काका, मला तिथं पुन्हा नेता? त्या वेळी भीतीनं मी नीट पाहिलंच नाही."

"नेलं असतं, पोरी."

"तुम्हाला तरी आठवतो का तो किनारा?"

"वाळूचा कण न् कण आठवतो. वाट तेवढी नाही."

ती त्याच्या शेजारी बसली. "कासवं परत आली असतील?"

"आली असतील."

"कुणी सांगितलं?"

"कुणी नाही," हिराजी म्हणाला. "आता कुणी सांगायला येणारही नाही. आणि तेच बरं, असं मी रोज मनाला समजावतो."