देवाच्या भरवशावर गाडी

वृद्धाश्रमाची गाडी यशोदा खरात चालवायची. अध्यक्ष आबासाहेबांचा सत्कार घाटाखालच्या गावात होता आणि टाळ्या वाजवायला त्यांना आश्रमातली, एरवी कुठेच नेली न जाणारी सगळी म्हातारी माणसं हवी होती.

"टायर गुळगुळीत झालेत, ब्रेकही नीट लागत नाही. या गाडीतून मी माणसं घाटात नेणार नाही," यशोदा म्हणाली.

"देवावर भरवसा ठेव आणि काढ गाडी!" आबासाहेब गरजले.

यशोदेने पुढचं दार उघडलं. "ठेवला, साहेब. मग तुमची मोटार राहू द्या, तुम्हीही इथंच बसा. देव काय, सगळ्यांचा एकच!"

टायरकडे पाहून आबासाहेब आपल्या मोटारीत जाऊन बसले.

यशोदा गाडीत आधीच बसलेल्या म्हाताऱ्यांना हात देऊन उतरवू लागली. ठेवणीतलं लुगडं नेसलेल्या मनुबाई म्हणाल्या, "वाचवलंस गं पोरी. पण आता मरेपर्यंत आम्हाला बाहेर कोण नेणार?"